सौरचक्र २४ : एका गुणांकावरून झालेला वाद

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये तुम्ही 'एडी व्हिस्कॉसिटी' शिकलात, तेव्हा हा गुणांक पाइपांपुरताच आहे असे वाटले असेल. त्याच्याच जातीच्या एका गुणांकामुळे सूर्याविषयीचे दोन अंदाज परस्परविरुद्ध आले.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असते हे हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले. १९५५ मध्ये युजीन पार्कर यांनी मांडले की सूर्याचे विषम परिभ्रमण क्षेत्ररेषा ताणते आणि तापून वर येणारा, वळत जाणारा वायू त्यांना पीळ देतो. पार्कर यांचे विद्यार्थी अर्णब राय चौधुरी पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. १९९५ मध्ये त्यांनी मानफ्रेड श्युसलर आणि मौसुमी दिक्पती यांच्यासह एक प्रारूप मांडले : पृष्ठभागावरून ध्रुवांकडे जाणारा आणि खोलवरून विषुववृत्ताकडे परतणारा संथ प्रवाह चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो.

पुढे दिक्पती अमेरिकेत गेल्या. २००६ मध्ये त्यांच्या गटाने सांगितले की २४वे सौरचक्र २३व्यापेक्षा ३० ते ५० टक्के जोरदार असेल. २००७ मध्ये चौधुरी, पियाली चॅटर्जी आणि जिए जियांग म्हणाले, सुमारे ३५ टक्के दुबळे असेल. प्रारूपांचा साचा तर एकच! फरकाचे एक मोठे कारण होते प्रक्षुब्ध अभिसरणामुळे होणारे विसरण.

आता वही काढा. अभिसरण थराची जाडी L सुमारे २ लाख किमी, म्हणजे २×१०⁸ मी. बेंगळुरूच्या गटाने विसरण गुणांक η सुमारे २.४×१०⁸ मी²/से. घेतला. L²/η काढा : साधारण ५ वर्षे. म्हणजे पृष्ठभागावरचे क्षेत्र एका चक्राच्या आतच तळाशी झिरपते, आणि पुढचे चक्र लगतच्या ध्रुवीय क्षेत्रावर ठरते. त्या वेळी ते क्षेत्र क्षीण होते. आता η ५० पटींनी कमी करा. उत्तर अडीचशे वर्षांच्या घरात जाते. मग विसरणाची वाट पाहण्यात अर्थ नाही. क्षेत्र त्या संथ प्रवाहाबरोबरच खाली पोचते आणि सूर्याला मागच्या दोन-तीन चक्रांची आठवण राहते. दिक्पतींचे प्रारूप या बाजूचे होते.

२४वे चक्र एप्रिल २०१४ मध्ये शिखरावर पोचले, २३व्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने दुबळे. तरी η चा प्रश्न सुटला, असे मी वर्गात सांगत नाही. नुसत्या ध्रुवीय क्षेत्राच्या मोजमापावरून, डायनॅमोचे गणित न करताही, काहींनी दुबळ्या चक्राचा अंदाज आधीच दिला होता. आणि त्या थराच्या पोटातले η अजून कुणी थेट मोजलेले नाही.