मूठभर तांदूळ

प्राणहिता नदीच्या काठी वसलेल्या अहेरीच्या परिसरात मार्च-एप्रिलचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. रात्रभर मोहाची फुले गळत असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून, जाळून जागा स्वच्छ केलेली असते. बाया आणि मुले टोपल्या घेऊन पहाटेच्या अंधारात रानाकडे निघतात आणि ऊन चढायच्या आत फुले वेचून परततात. ती अंगणात वाळवायची, पावसाळ्यातल्या तुटीच्या दिवसांसाठी राखून ठेवायची आणि उरलेली बाजारात न्यायची. मोहामागून मे महिन्यात तेंदूपत्ता, पुढे आंबा, चारोळी आणि दिवाळीनंतर बांधीतले धान. रानाच्या या पंचांगावरच येथील गोरगरिबांचा संसार चालत आला आहे.

या पंचांगाला एक शिस्त आहे. माडिया आणि गोंड समाजात नवे फळ, नवे फूल किंवा नवे धान्य पिकले म्हणून लगेच तोंडात टाकत नाहीत. प्रथम गावाने एकत्र यायचे, पेरम्याने त्या नव्या पिकाचा पहिला वाटा देवाला आणि पूर्वजांना अर्पण करायचा, आणि मगच सर्वांनी ते चाखायचे. या विधीला ‘पंडुम’ म्हणतात. आंब्याचा तो ‘मरका पंडुम’. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील अशा नव्या अन्नाच्या सणांची नोंद डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ या ग्रंथात करून ठेवली आहे. पंडुम होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, या नियमामुळे कोवळे फळ ओरबाडले जात नाही, आणि ज्याच्या हाती बळ अधिक त्याने आधी लुटून न्यावे असेही घडत नाही. पहिला घास आपला नव्हे, ही जाणीव त्या विधीच्या मुळाशी आहे.

ख्रिस्ती वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या श्रद्धेच्या इतिहासातही कृतज्ञतेचा आरंभ अशाच एका टोपलीने झालेला आहे.

प्रथमफळांची टोपली

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला एक विधी सांगितला आहे. जमिनीच्या उत्पन्नाचे प्रथमफळ टोपलीत घालून त्याने याजकाकडे न्यावे आणि तेथे उभे राहून आपल्या कुळाची कथा सांगावी: पूर्वज भटके होते, मिसर देशात दास्यात पडले, परमेश्वराने त्यांना सोडवले आणि ही भूमी दिली. टोपलीत धान्य थोडेच असते; पण त्या धान्यामागे सबंध इतिहास उभा आहे. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘केलेले जाणणारा’ असा आहे. ज्याला आपला पूर्वेतिहास आठवत नाही, त्याला खऱ्या अर्थाने आभार मानता येत नाहीत.

तो विधी एवढ्यावर संपत नाही. टोपली ठेवल्यानंतर त्या शेतकऱ्याने आनंद करावा, असे शास्त्र सांगते. आणि तो आनंद एकट्याने नव्हे, तर लेवी व गावात राहणारा उपरा यांच्यासह करावा, असेही सांगते. त्याच अध्यायात पुढे दर तिसऱ्या वर्षाच्या दशमांशावर उपऱ्याचा, अनाथाचा आणि विधवेचा हक्क सांगितला आहे. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि खाली पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी राहू द्यावा, ही लेवीयमधील आज्ञाही याच परंपरेची. देवाचे आभार आणि गरिबाचा वाटा या दोन गोष्टी शास्त्राने कधी वेगळ्या केल्याच नाहीत.

आद्य ख्रिस्तसभेने हा वारसा जपला. ‘दिदाखे’ नावाचे प्राचीन ग्रीक पुस्तक शतकानुशतके हरवले होते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथिऑस ब्रिएनिऑस या विद्वान धर्माधिकाऱ्याला त्याचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात भाकरी आणि द्राक्षारस यांवरील उपकारस्तुतीच्या प्रार्थना आहेत. शिवाय द्राक्षकुंड, खळे आणि गुरे यांचे प्रथमफळ संदेष्ट्यांना द्यावे, आणि गावात संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे, असा सरळ आदेश आहे. वेदीवर ठेवायचे ते गरिबाच्या हाती ठेवले तरी अर्पण पूर्ण होते, ही समज इतक्या प्रारंभीच्या काळातली आहे.

आपल्या उपासनेचे नावही हेच सांगते. ‘युखरिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थ उपकारस्तुती. सिरो-मलबार परंपरेतील ‘कुर्बाना’ या सुरियानी शब्दाचा अर्थ अर्पण. एका नावात आभार आहेत, दुसऱ्यात देणे आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या दोन्हींचा मेळ पिकाच्या सणांत दिसतो. गोव्यात ताळगाव येथे २१ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचे फेस्त होते, मंगळूरकडील कोकणी कॅथोलिक कुटुंबे ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्मदिनी मोंती फेस्ताचे नवे जेवण जेवतात, आणि मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतो. कणीस वेदीवर जाते, तेथून आशीर्वादित होऊन घरी येते आणि नंतरच नव्या तांदळाचे ताट वाढले जाते. अहेरीच्या रानातला पंडुम आणि ताळगावचे फेस्त यांची दैवते, भाषा आणि विधी निराळे आहेत. पण पहिल्या घासापूर्वी थांबण्याची रीत दोघांचीही आहे.

मन्नानमहून चांद्याकडे

दक्षिण चांद्याच्या या वनप्रदेशाशी सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा संबंध ३१ मार्च १९६२ रोजी जोडला गेला. त्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी चांदा येथे स्वतंत्र धर्मप्रांतीय व्यवस्था निर्माण केली आणि ती केरळातील कार्मेल संघाच्या, म्हणजे सी. एम. आय. धर्मगुरूंच्या हाती सोपवली. मार जानुआरिअस पालाथुरुथी हे तिचे पहिले प्रमुख. १९७७ साली तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा नवा जिल्हा निघाला, तेव्हा अहेरी त्या जिल्ह्यात गेली. १९९९ साली प्राणहितेच्या पलीकडील आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नकाशावरच्या रेषा अशा बदलत गेल्या.

त्या धर्मगुरूंच्या संघाला स्वतःची एक आठवण होती आणि ती तांदळाची होती. पालक्कल थोमा, पोरुकरा थोमा आणि कुरियाकोस एलियास चावरा या तिघांनी १८३१ साली केरळात मन्नानम येथे या संघाचा पाया घातला. चावरा यांचा जन्म १८०५ चा, मृत्यू १८७१ चा. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. १८४६ साली त्यांनी मन्नानमला संस्कृत शाळा सुरू केली. १८६१ साली ते सिरो-मलबार ख्रिस्ती समाजाचे व्हिकर जनरल झाले आणि प्रत्येक चर्चजवळ शाळा असलीच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. परंतु ज्या घरात दुपारी चूल पेटत नाही त्या घरचे मूल शाळेत टिकणार कसे, हा प्रश्न होता. तेव्हा ‘पिडियरी’ची रीत रूढ झाली. ‘पिडि’ म्हणजे मूठ, ‘अरि’ म्हणजे तांदूळ. घरच्या बाईने भात शिजवण्यापूर्वी मापलेल्या तांदळातून एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची. साठलेला तांदूळ गोळा व्हायचा आणि त्यातून गरीब मुलांच्या मुखी दुपारचे अन्न पडायचे.

या रीतीकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते. येथे शिल्लक राहिलेले द्यायचे नाही; जेवणाआधी काढून ठेवायचे आहे. देणारा श्रीमंत असण्याची गरज नाही, कारण एका मुठीने हंडीतला भात फारसा उणा होत नाही. हे काम वर्षातून एकदा सणाला नव्हे, रोज चुलीपाशी करायचे आहे, आणि ते करणारी व्यक्ती घरातली बाई आहे, जिचे नाव देणगीदारांच्या यादीत क्वचितच लागते. आपल्या घरी आज शिजवण्यासाठी तांदूळ आहे, हे तिला त्या क्षणी प्रत्यक्ष हाताला जाणवते. रोजच्या साध्या दानांत आनंद शोधावा असा उपदेश आपण पुष्कळदा ऐकतो. पिडियरीने तो उपदेश न करता त्याची सवय लावली.

मूठ ही काही एकट्या केरळची नव्हे. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात खेड्यापाड्यांतल्या घरांनी मूठ मूठ धान्य टाकले आणि बहुजनांची मुले शिकली. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० पासून प्रत्येक जेवणाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून आपली मंडळी स्वावलंबी केली.

मिंधेपणा आणि कृतज्ञता

या मुठीचे महत्त्व समजण्यासाठी एक जुना सल आठवावा लागतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्य प्रांतातील मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला. पुष्कळ जीव वाचले. पण त्याच काळापासून ‘तांदळासाठी झालेले ख्रिस्ती’ हा टोमणाही आपल्या मागे लागला. टोमणा मारणाऱ्याने उपाशी माणसाच्या पोटाचा विचार केला नाही हे खरे. तथापि त्यात आपल्यासाठीही एक इशारा होता. जो सतत घेतच राहतो त्याच्या मनात कृतज्ञतेऐवजी मिंधेपणा साठतो, आणि जो सतत देतच राहतो त्याच्या मनात अहंकार साठतो. मिंधा माणूस मान खाली घालतो. कृतज्ञ माणूस मान वर करून दात्याकडे पाहतो. मूठभर तांदळाने तांदळाची दिशाच उलटी केली. तो आता मिशनच्या कोठारातून गरिबाकडे न जाता गरिबाच्या हंडीतून दुसऱ्या गरिबाकडे जाऊ लागला. जो देऊ शकतो तो कोणाचाही मिंधा राहत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. आहे त्यात समाधान मानावे, असे उपाशी माणसाला सांगणे फार सोपे असते आणि कृतज्ञतेच्या नावाखाली अन्याय झाकला जाऊ शकतो. या जिल्ह्यानेच त्याला उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यू ही देवाची इच्छा, असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजात बालकांची घरोघरी शुश्रूषा सुरू केली, आणि ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मूल हे देवाचे दान आहे असे खरोखर मानणारा माणूस त्याला जगवण्यासाठी धडपडतो.

जंगलाचेही तसेच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची विक्री करण्याचा अधिकारही. ज्या रानाला पहिला घास अर्पण करायचा, त्याच रानात बांबू तोडला म्हणून चोर ठरायचे, ही विसंगती त्यांनी शांतपणे आणि कायद्याच्या मार्गाने दूर केली. पंडुम पाळणारा समाज आपला हक्क मागतो तेव्हा तो कृतघ्न होत नाही. रान ही कोणा एकाची मालमत्ता नसून सर्वांना मिळालेले दान आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक असते.

परतलेला एक

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला. तोही शोमरोनी, म्हणजे परका. उरलेले नऊ वाईट होते असे प्रभू म्हणत नाही. ते कोठे आहेत, एवढेच तो विचारतो. त्यांना आरोग्य मिळाले, परंतु देणाऱ्याची भेट हुकली. संत इग्नाती लोयोलांनी १८ मार्च १५४२ रोजी सिमाँव रॉड्रिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात कृतघ्नतेला सर्व पापांचे मूळ म्हटले आहे. त्यांनी घालून दिलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणातही पहिली पायरी पापांची उजळणी ही नसून मिळालेल्या उपकारांबद्दल आभार ही आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून देवाचे आभार मानण्याची जुनी सवय पुन्हा लावून घ्यावी असे सुचवले. त्या क्षणी ज्यांच्या कष्टाने अन्न आले त्यांचे स्मरण होते आणि गरजवंतांशी आपले नाते दृढ होते, असे कारण त्यांनी दिले.

आपल्या घरांत आता तांदूळ डब्यातून कुकरमध्ये जातो आणि शिट्टी होईपर्यंत आपले लक्ष दुसरीकडे असते. त्या डब्याशेजारी एक छोटे भांडे ठेवायला काहीच खर्च येत नाही. महिनाअखेर त्यात किती साठले याचा हिशेब अवश्य करावा आणि ते गावातल्या कोणत्या घरी पोचवायचे हे घरातल्या मुलांना ठरवू द्यावे. पहाटेच्या अंधारात मोह वेचून आलेली अहेरीची बाई आणि मन्नानमजवळच्या एखाद्या घरात तांदळाची मूठ बाजूला काढणारी बाई यांची कधी भेट झाली नसेल. त्यांच्या हातांची सवय मात्र आपल्याला एकाच स्वयंपाकघरात एकत्र आणता येईल.