दाराशी बांधलेली घसरगुंडी

घरच्या मंडळींना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. आईला घेऊन लंडनला मावशीकडे निघाले होते आणि विमान तब्बल साडेचार तास उशिरा सुटलं, एवढं मी फोनवर सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

विमानाची दारं लागली होती. 'आर्म डोअर्स अँड क्रॉस चेक' ही नेहमीची घोषणाही झाली होती. तेवढ्यात जेवणाचे काही ट्रे कमी आलेत असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मागचं उजवीकडचं दार पुन्हा उघडायचं ठरलं. हवाईसुंदरीने दांडा वर केला, दार ढकललं आणि... फुस्सऽऽऽ! भली मोठी राखाडी घसरगुंडी बाहेर पडून फुगली. नशीब, खाली कुणी उभं नव्हतं.

ती मुलगी पंचविशीचीही नसेल. तोंडावर हात ठेवून नुसती उभी राहिली. विमानात कुरकूर सुरू झाली. मीही तोंड सोडलंच, "एवढं एक काम, तेही जमू नये?"

आई म्हणाली, "अगं, चुकलं तिचं. पण फुगली बघ कशी लगेच!"

तेव्हा मला आईचाच राग आला होता. मावशीकडे पोचल्यावर रात्री झोप येईना, म्हणून या घसरगुंडीबद्दल वाचत बसले. आणि मग आईचं वाक्य हळूहळू डोक्यात शिरलं.

ही घसरगुंडी दाराच्या खालच्या भागात, फुगीर पेटीत घडी करून ठेवलेली असते. तिच्या टोकाला एक दांडी असते. दार 'आर्म' केलं की ती दांडी विमानाच्या जमिनीला अडकते. मग दार उघडून बाहेर सरकलं की घसरगुंडी पेटीतून ओढली जाते आणि साधारण सहा सेकंदांत फुगते. बाटलीतला वायू सुटताना बाहेरची हवाही आत खेचतो, म्हणून एवढ्या मोठ्या घसरगुंडीला लहानशी बाटली पुरते. 'डिसआर्म' केलं की दांडी जमिनीपासून सुटते आणि दार साध्या दारासारखं उघडतं. आमच्या त्या मुलीच्या हातून ही मधली एक पायरी राहून गेली, बस.

एकदा फुगलेली घसरगुंडी तिथल्या तिथे घडी घालून परत कोंबता येत नाही. ती कारखान्यात जाते. नवीन आणून बसवा, नाहीतर ते दार बाद धरून माणसं कमी करा. आमचे साडेचार तास गेले ते असे.

मग इतकं हळवं यंत्र हवंच कशाला? पूर्वी नव्हतंच. जुन्या विमानांत दोर असायचे, नाहीतर कापडी घसरगुंडी. ती धरायला आधी कुणीतरी खाली उतरायला लागायचं. आग लागलेली असताना खाली उभं राहून कापड कोण धरणार? म्हणून आपोआप फुगणारी घसरगुंडी आली. १९६५ साली क्वांटासच्या जॅक ग्रँट यांनी तिचाच तराफा करायची युक्ती काढली. २००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला हडसन नदीत विमान उतरलं, तेव्हा १५५ पैकी कितीतरी माणसं अशाच तराफ्यांवर उभी होती. सगळी वाचली.

पण दार उघडलंच नाही तर? १९ ऑगस्ट १९८० ला रियाधला एक ट्रायस्टार विमान आग लागलेल्या अवस्थेत परत येऊन धावपट्टीवर धडपणे उतरलं. धावपट्टीवरच थांबून माणसं उतरवण्याऐवजी ते पुढे जात राहिलं. थांबल्यावरही इंजिनं तीन मिनिटांहून जास्त चालूच होती. आतून एकही दार उघडलं गेलं नाही. बाहेरच्यांना दार उघडायला इंजिनं बंद झाल्यापासून तेवीस मिनिटं लागली. ३०१ पैकी एकही जण वाचला नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात!

पाच वर्षांनी, २२ ऑगस्ट १९८५ ला, मँचेस्टरला उड्डाणाच्या आधीच एका ७३७ चं इंजिन फुटलं आणि आग लागली. पुढचं उजवं दार उघडायला गेले तर घसरगुंडीच्या पेटीचं झाकणच चौकटीत अडकलं. मग डावीकडचं दार उघडलं, परत येऊन उजवं मोकळं केलं. तोवर विमान थांबून मिनिटाहून जास्त झालं होतं. ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. वाचताना मी घड्याळात बघून एक मिनिट मोजलं. तुम्हीही मोजून बघा. फार लांब असतं हो ते.

म्हणून तर चाचण्या इतक्या कडक. अमेरिकेत १९६५ साली दोन मिनिटांचा नियम झाला, १९६७ साली तो ९० सेकंदांवर आला. अंधार करायचा, निम्मीच दारं वापरायची, आणि कुठली उघडतील ते आधी सांगायचं नाही. २००६ साली हॅम्बुर्गला ए ३८० मधून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. एकाचा पाय मोडला, पण आली.

म्हणजे दाराला दोन उलट गोष्टी जमायला हव्यात. नको तेव्हा उघडू नये आणि हवं तेव्हा क्षणभरही अडू नये. उंचावर पहिली गोष्ट हवाच सांभाळते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की माणसाच्या ताकदीने दार हलत नाही. जमिनीजवळ तो आधार जातो. २०२३ च्या मे महिन्यात कोरियात देगूला उतरता उतरता, सुमारे ७०० फुटांवर, एका प्रवाशाने दार उघडलंच. सुदैवाने सगळे सुखरूप उतरले. २०१९ साली मँचेस्टरलाच एका बाईंनी संडासाचं दार समजून आणीबाणीचं दार उघडलं, तेव्हा विमान उभंच होतं. त्या बाईंवर जग हसलं. मीही हसले असते, पण आमच्या आईचा पहिलाच विमानप्रवास होता ना...

यंत्रही दगा देतं. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला विमान आपटल्यावर दोन घसरगुंड्या आतल्या बाजूला फुगल्या आणि दोन हवाईसुंदरी त्यांच्याखाली अडकल्या. शेवटी सगळं माणसांवरच येतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर होऊन एक प्रवासी विमान पेटलं. तटरक्षक विमानातले पाच जण गेले. प्रवासी विमानात मात्र घोषणेची यंत्रणा बंद, आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी. कर्मचाऱ्यांनी बाहेर आग आहे का ते बघून दारं निवडली, ओरडून ओरडून माणसं काढली. ३७९ पैकी ३७९ बाहेर.

ती तीन दारं उघडणारे हात आणि आमच्या विमानातला तो घाईत चुकलेला हात एकाच कामाचे. एकाच्या वेळी सगळं विमान त्याच्यावर चिडलं होतं.

उतरताना ती मुलगी दारातच उभी होती, डोळे सुजलेले. आईने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "येते गं बाळा." मी मान खाली घालून पुढे गेले.

असो. आता विमानात त्या सूचना सुरू झाल्या की मी पुस्तक मिटते आणि जवळचं दार किती रांगा पुढे आहे ते मोजते. तुम्हीही मोजा. आणि कधी उशीर झालाच, तर आधी कारण विचारा, मग चिडा.