दमदमची गोळी आणि दयेची कक्षा

युद्ध सुरू झालें कीं नीतीची भाषा संपली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु शत्रूसही किती इजा करावी याला कांहीं मर्यादा असावी, ही जाणीव राष्ट्रांस वेळोवेळीं झालेली आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, ती मर्यादा कोणासाठीं?

इ. स. १८६८ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें बहुतेक युरोपीय राष्ट्रांनीं ४०० ग्रॅमहून कमी वजनाच्या स्फोटक गोळ्या न वापरण्याचें ठरविलें. नवल हें कीं, अशी गोळी रशियाजवळ तयार असतांना पुढाकार रशियानेंच घेतला. त्यामागील विचार साधा होता. जखमी सैनिक लढण्यास असमर्थ झाला, कीं युद्धाचा हेतु साधला. त्यापुढें त्याच्या यातना वाढविणें हें निव्वळ क्रौर्य होय. मात्र हा निर्बंध करार करणाऱ्यांच्या आपसांतील युद्धांपुरताच होता.

या अटीचें मर्म तीस वर्षांनीं उघड झालें. कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांत एक नवी गोळी तयार झाली. तिच्या टोंकावर धातूचें कवच नसल्यामुळें ती शरीरांत शिरतांच पसरे व भयंकर जखम करी. वायव्य सरहद्दीवरील १८९७-९८ च्या मोहिमांत ती वापरली गेली. १८९९ सालीं हेगच्या परिषदेंत अशा गोळ्यांच्या बंदीचा प्रश्न निघाला, तेव्हां ब्रिटनचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं युक्तिवाद केला कीं, सुधारलेला सैनिक जखमी होतांच थांबतो, रानटी मनुष्य मात्र चालून येतच राहतो. ब्रिटन व अमेरिका यांचा विरोध असतांही बंदी मंजूर झाली. ब्रिटननें ती १९०७ सालीं मान्य केली. परंतु तीही करार करणाऱ्यांपुरतीच होती.

आमच्या मतें दोष एकट्या आर्डांचा नव्हे. बरोबरीच्या शत्रूशीं संयमानें वागणें हा व्यवहार आहे. उद्यां तोही आपल्याशीं तसाच वागेल, ही आशा त्यांत असते. ज्याला परतफेड करतां येत नाहीं, त्याच्याशीं संयम राखणें हीच खरी नीति.

पुढें १९९८ च्या रोम येथील करारानें अशा गोळीचा वापर हा युद्धगुन्हा ठरविला, आणि २०१० सालीं ही कक्षा देशांतर्गत युद्धांपर्यंत वाढविण्यांत आली. दयेचें वर्तुळ मोठें झालें, हें खरें. परंतु ज्या भूमीवरून त्या गोळीस नांव मिळालें, तो आपला देश त्या करारांत आजवर सामील झालेला नाहीं. आर्डांस नांवें ठेवतांना आपण हें विसरूं नये.