‘फारच सोपी’ ठरलेली कल्पना : अभियंता नासिर अहमद

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र, दूरचित्रवाणीवरील क्रिकेटचा सामना, मोबाइलवर ऐकलेले गाणे आणि परदेशी असलेल्या मुलाशी पडद्यावर होणारे बोलणे, या साऱ्यांच्या पोटात बहुतेक वेळा एकच गणिती क्रिया किंवा तिचे एखादे भावंड दडलेले असते. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, संक्षेपाने डीसीटी, हे तिचे नाव. कोसाइन म्हणजे शालेय त्रिकोणमितीतील कोज्या. ही क्रिया मांडणारे विद्युत अभियंते डॉ. नासिर अहमद हे मूळचे बंगळुरूचे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना डीसीटी पाठ असते. तिच्या जनकाचे नाव मात्र त्यांच्यापैकी अनेकांनाही सांगता येत नाही.

अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी १९६३ मध्ये एम.एस. आणि १९६६ मध्ये पीएच.डी. मिळवली. सेंट पॉल येथील हनीवेल कंपनीत दोन वर्षे संशोधक अभियंता म्हणून काढल्यावर १९६८ मध्ये ते कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापनासाठी दाखल झाले. त्यांच्या नावावर जमा असलेले सर्वांत मोठे काम या विद्यापीठातील पहिल्या पाच-सहा वर्षांतले आहे.

त्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी आधी अडचण किती मोठी होती हे पाहायला हवे. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे एक रंगीत चित्र घेतले, तर त्यात ७,८६,४३२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला की हिशेब साडेतेवीस लाख बाइटांवर जातो. दूरध्वनीच्या तारेवरून ५६ किलोबिट वेगाने इंटरनेट चालत असे, त्या काळात असे एक चित्र कच्च्या स्वरूपात उतरवायला, तार अगदी पूर्ण वेगाने चालली तरी, साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. चलच्चित्राला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे लागतात. म्हणजे तो विषयच संपला. चित्रातला डोळ्याला न जाणवणारा भाग ओळखून तो वगळायचा, हाच त्यावरचा मार्ग होता. आणि खरा प्रश्न ‘ओळखायचा कसा’ हा होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अनेक संशोधक यामागे लागले होते. चित्रातील बिंदूंचे आकडे एका वेगळ्या रूपात बदलायचे, म्हणजे मोजके आकडे मोठे आणि उरलेले नगण्य होतात, एवढे सर्वांना ठाऊक होते. या रूपांतरांत सर्वोत्तम कोणते याचे उत्तरही कागदावर तयार होते. कार्हुनेन-लोएव्ह रूपांतराहून सरस काही असू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झाले होते. पण ते रूपांतर प्रत्येक प्रकारच्या चित्रासाठी नव्याने काढावे लागे आणि ते झटपट काढण्याची कोणतीही रीत उपलब्ध नव्हती. त्या काळच्या संगणकांच्या दृष्टीने हे उत्तर असून नसल्यासारखेच होते.

अहमद यांना नेमकी हीच विसंगती खटकली. सर्वोत्तम नको, पण त्याच्या अगदी जवळ जाणारे आणि चटकन काढता येणारे रूपांतर सापडेल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. कार्हुनेन-लोएव्ह रूपांतराच्या मुळाशी असलेल्या लहरींचे आकार कोज्येच्या लहरींशी विलक्षण जुळतात, आणि नेहमीच्या छायाचित्रांत शेजारच्या बिंदूंमध्ये जेवढे साम्य असते तेवढ्या साम्याला तर ते फारच जुळतात, असे त्यांच्या ध्यानात आले. चेबिशेव्ह बहुपदींचा आधार घेऊन १९७२ च्या सुरुवातीस त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधन निधीसाठी प्रस्ताव धाडला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटते, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता, असे अहमद यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या आठवणवजा लेखात नमूद केले आहे. परीक्षकाचे म्हणणे तसे खोटे नव्हते. सोपेपणा हा दोष मानला गेला, एवढेच.

निधी नसतानाही अहमद यांनी काम सोडले नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील मित्र के. आर. राव यांना सोबत घेऊन १९७३ चा संपूर्ण उन्हाळा त्यांनी या एकाच प्रश्नाला दिला. (राव हेही न्यू मेक्सिको विद्यापीठाचेच पीएच.डी.) हाती आलेले निष्कर्ष इतके चांगले होते की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथील परिषदेत अहमद यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी अँड्र्यूज यांचा सल्ला घेतला. अँड्र्यूज यांनी अधिक कडक कसोटी सुचवली आणि त्यासाठी लागणारा संगणकीय प्रोग्रॅमही पाठवून दिला. त्या कसोटीवरही नवे रूपांतर इतर सर्वांना मागे टाकून कार्हुनेन-लोएव्हच्या अगदी शेजारी जाऊन बसले. तिघांच्या नावाचा शोधनिबंध ‘आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर्स’च्या जानेवारी १९७४ च्या अंकात छापून आला. पाने अवघी चार.

या चार पानांत असे होते तरी काय? चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे तुकडे पाडले आहेत असे समजावे. प्रत्येक तुकडा ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणातून उभा करता येतो. पहिली नक्षी सपाट, एकाच छटेची. पुढच्या हलक्या चढउताराच्या. शेवटच्या अगदी बारीक पट्ट्यापट्ट्यांच्या. कोणती नक्षी किती प्रमाणात लागते, हे डीसीटी सांगते. आकाश, भिंत, गाल अशा भागांत पहिल्या चार-सहा नक्ष्यांवर काम भागते आणि बाकीचे आकडे शून्याच्या आसपास येतात. फूरिये रूपांतरही असेच काही करते, परंतु ते तुकड्याची उजवी कड पुन्हा डाव्या कडेला जोडलेली आहे असे धरून चालते. त्यामुळे मुळात नसलेली उडी तयार होते आणि ती सांभाळण्यात आकडे खर्ची पडतात. डीसीटी तुकड्यापुढे जणू आरसा धरते. कडेला प्रतिबिंब जुळते, उडी नाहीशी होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डीसीटी स्वतः काहीही टाकून देत नाही. तिने काढलेल्या आकड्यांवरून मूळ तुकडा पुन्हा जसाच्या तसा मिळवता येतो. काटछाट होते ती पुढच्या पायरीवर, जेथे बारीक नक्ष्यांचे आकडे ठोकळमानाने लिहिले जातात आणि बरेचसे शून्य होतात. डोळ्याला सहसा फरक जाणवत नाही आणि फाइल मूळच्या दहाव्या हिश्श्यावर येते. काटछाट अति झाली की चित्रात चौकटी उमटू लागतात. त्या चौकटी म्हणजे हेच आठ गुणिले आठचे तुकडे.

प्रसार मात्र लगेच झाला नाही. १९७७ मध्ये चेन, स्मिथ आणि फ्रालिक यांनी डीसीटी वेगाने काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती प्रत्यक्ष यंत्रांत बसवणे सुकर झाले. १९८८ मध्ये दूरध्वनी जाळ्यांवरील चित्रसंवादासाठी आलेल्या एच.२६१ या मानकाने ती स्वीकारली, १९९२ मध्ये जेपेग मानकाने, आणि त्यापाठोपाठ व्हीसीडी व डीव्हीडीमागील एमपेग मानकांनी. ध्वनीसाठी प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी १९८७ मध्ये मांडलेली तिची सुधारित आवृत्ती एमपीथ्री आणि एएसी या दोन्हींत आहे. जेपेगचा वारसदार म्हणून २००० मध्ये आलेल्या जेपेग २००० ने वेव्हलेट हे निराळे गणित वापरले. डिजिटल सिनेमागृहांत ते रुजले, पण घरोघरच्या छायाचित्रांतून डीसीटीला ते हटवू शकले नाही.

पैशाच्या अंगाने पाहता डीसीटीची कथा वेगळीच आहे. ती खुल्या नियतकालिकात आली आणि ज्याला हवी त्याने ती वापरली. याउलट फोर्जेंट नेटवर्क्स या कंपनीने जेपेगमधील दुसऱ्याच एका पायरीवर लागू होतो असा दावा करत १९८७ चे एक जुने पेटंट २००२ मध्ये पुढे केले आणि कॅमेरा व संगणक कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर वसूल केले. २००६ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने त्यातील मुख्य दावे फेटाळल्यानंतर ते प्रकरण तडजोडीने मिटले.

राव यांच्यासह लिहिलेले ‘ऑर्थोगोनल ट्रान्सफॉर्म्स फॉर डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’ हे अहमद यांचे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये ते आपल्या जुन्या न्यू मेक्सिको विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. १९८५ मध्ये आयट्रिपलईचे फेलो झाले. पुढे विभागप्रमुख, अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता अशी पदे सांभाळून २००१ मध्ये ते निवृत्त झाले.

सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचायला २०२१ साल उजाडले. करोनाच्या साथीत घडणाऱ्या ‘धिस इज अस’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात नासिर आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांची कथा गुंफली होती. या अनोळखी जोडप्याचा मूळ कथेशी काय संबंध, हे प्रेक्षकांना बराच वेळ कळत नाही. रुग्णालयात प्रवेश न मिळालेला बाप व्हिडिओ कॉलवरून बाळाचा जन्म पाहतो, तेव्हा तो उलगडतो.