तीन चांगदेव

वरणगावाहून मुक्ताईनगरच्या वाटेला लागले की तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरचे चांगदेव हे गाव फारसे दूर राहत नाही. तेथील प्राचीन दगडी मंदिर चांगदेवांचे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेला आणि अखेर मुक्ताबाईचा शिष्य झालेला योगी म्हणून या परिसराला ते ठाऊक आहेत. याच जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, आणखी एक चांगदेव भेटतात. हे दोघे एकच, असे प्रतिपादन आमच्या कानावर अधूनमधून येते. नाव एक, जिल्हा एक, काळही यादवांचा. मग शंका कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद आज आपल्या फार अंगवळणी पडला आहे. एखाद्याचे सदस्यनाम उचलायचे, ते कोणकोणत्या संकेतस्थळांवर आढळते ते पाहायचे आणि सापडलेल्या सर्व तपशिलांची मोट बांधून एक माणूस उभा करायचा. वास्तविक एकच नाव दोन ठिकाणी आढळणे याचा अर्थ ते नाव दोन ठिकाणी घेतले गेले, एवढाच. ते एकाच माणसाने घेतले की दोघांनी, हे नावाला सांगता येत नाही.

पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. त्यातील चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबा भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यातली वंशावळ. त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर अशी ती चांगदेवापर्यंत येते. केवळ नावाने ओळख पटत नाही, हे लेख कोरवून घेणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

आता ‘चांगदेव पासष्टी’ पाहू. ज्ञानेश्वर ज्या चांगयाला उपदेश करतात, त्याला ते वटेश्वराचा पुत्र म्हणतात. लक्ष्मीधर वेगळा, वटेश्वर वेगळा. ‘पुत्र’ हा शब्द येथे आध्यात्मिक अर्थाने आला असेल, वटेश्वर हे दैवत किंवा गुरू असेल, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून पित्याच्या नावावरही थांबता येत नाही, कालाकडे वळावे लागते. ज्ञानेश्वरी १२९० ची. चांगदेव वटेश्वरांच्या नावे असलेल्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथाचा काल शके १२३४, म्हणजे इ. स. १३१२ सांगितला जातो. पाटणला मठ उभारणारा प्रौढ ज्योतिषी आणि हा ग्रंथकार यांच्यात शतकाहून अधिक अंतर पडते. चौदाशे वर्षांचे आयुष्य मान्य केले तरच ते बुजते!

तिसरे चांगदेव महानुभाव परंपरेतले. फलटणचे चांगदेव राऊळ हे पंचकृष्णांपैकी एक आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे गुरू. त्यांचे गाव निराळे, परंपरा निराळी, द्वारावतीशी असलेला संबंधही निराळा. यादवकालीन महाराष्ट्रात हे नाव एकाच माणसाचे नव्हते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

योग्याच्या दीर्घायुष्याची कथा अशाच समाननामकांच्या सरमिसळीतून वाढली असेल काय? तसे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. तथापि त्याला पुरावा नाही. तो आमचा तर्क समजावा.

या तपासणीला केवळ पांडित्याची हौस म्हणून बाजूस सारता येणार नाही. दोन चांगदेव एक केले की पाटणच्या गणिती परंपरेचा वारस पुसला जातो आणि मुक्ताबाईच्या शिष्याला त्याने न केलेले काम चिकटते. प्रबंधातून प्रबंधात अशी चूक उतरत गेली की तिलाच परंपरेचे वजन येते. आजच्या माणसाच्या बाबतीत तर परिणाम अधिक कठोर. परक्याने त्याच नावाने लिहिलेल्या मजकुराचा जाब भलत्यालाच द्यावा लागतो, आणि त्याच्याकडे दाखवायला शिलालेख नसतो. नाव, पिता, स्थान, काल, गुरुपरंपरा यांतील निदान दोन-तीन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्याशिवाय ‘तोच हा’ असे म्हणू नये, एवढा संयम दोन्हीकडे हवा.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, अशी कथा आहे. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थस्वरूप’, हे त्यांना ठरवता आले नाही. इतकी वर्षे जगूनही हा कोराच, असे मुक्ताबाई त्यावर म्हणाली म्हणतात. तिचा अधिकार मोठा. पण समोरचा कोण हे उमगेपर्यंत मायना रिकामा ठेवणाऱ्या त्या योग्याविषयी आम्हांला मात्र आदरच वाटतो.