घरच्या कॉम्प्युटरला उणे १९६ अंशांची थंडी? हे सब-झिरो कूलिंग नक्की असतं काय

नागपूरहून अमरावतीला निघालं की हायवेवर कारंजा (घाडगे) लागतं. वर्धा जिल्ह्यातला तालुका, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि मे महिन्यात ४४-४५ वर गेलेला पारा. अशा गावात कोणी गेमिंग पीसी जोडला की त्याच्या फोनवर तो व्हिडिओ कधीतरी येतोच. कोणीतरी थर्मासमधून वाफाळतं काहीतरी प्रोसेसरवर ओततंय, मदरबोर्डवर पांढरं बर्फ जमलंय आणि स्क्रीनवर गिगाहर्ट्झचा आकडा चढतोय.

मग साहजिक वाटतं, याची खरी गरज तर आम्हा विदर्भवाल्यांना आहे!

गंमत म्हणजे त्या थर्मासमधली वस्तू कारंजाला नवीन नाही. ते असतं लिक्विड नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठीत रेतमात्रा याच्याच कॅनमध्ये ठेवतात. गवळाऊ गाईंच्या पैदाशीचं हेटीकुंडीचं सरकारी प्रक्षेत्रही याच तालुक्यात आहे. म्हणजे इथल्या पशुपालकाने तो कॅन उघडताना निघणारा 'धूर' कधीचाच पाहिलाय. तो धूर नसतोच म्हणा, थंडीने हवेतलं बाष्प गोठून दिसतं ते.

पण एवढी थंडी कशाला?

प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्होल्टेज थोडं वाढवलं तरी उष्णता बरीच वाढते. चिप तापली की तिच्यातून वीज नुसतीच गळायला लागते, आणि त्याने चिप अजून तापते. चिप गोठवली की हे चक्र तुटतं. गळती कमी होते आणि जास्त वेगातही चिप तग धरते.

डिसेंबर २०२२ मध्ये एल्मर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने इंटेलचा कोअर आय-९ १३९००के प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला, तो लिक्विड हेलियम वापरून. हेलियम उणे २६९ अंशांना उकळतं. पण असा विक्रम नोंदवायला मशीन काही क्षण चालू राहिलं तरी पुरतं. त्यावर कोणी गेम खेळत नाही.

करतात कसं?

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे तांब्याचं एक उभं भांडं प्रोसेसरवर घट्ट बसवायचं आणि त्यात थंड पदार्थ ओतत राहायचं. ड्राय आइस घातला तर उणे ७८ अंशांपर्यंत मजल जाते, नायट्रोजनने उणे १९६ पर्यंत. दुसरा प्रकार फ्रिजसारखा. कॉम्प्रेसर, गॅस आणि बाष्पक, फक्त बाष्पक थेट प्रोसेसरवर बसवलेला. एका टप्प्यात साधारण उणे ३० ते ५० अंश मिळतात. दोन टप्पे जोडले की त्याला कॅस्केड म्हणतात, तो उणे १०० च्या आसपास नेऊ शकतो. ही काही वेड्यांचीच हौस नव्हती. २००० च्या सुमारास क्रायोटेक आणि असेटेक या कंपन्या असे पीसी आणि कूलर विकतही होत्या. पुढे तो धंदा टिकला नाही.

जुन्या फ्रिजमध्ये अख्खा कॅबिनेटच ठेवायचा जुगाड बऱ्याच जणांना सुचतो. तो चालत नाही. फ्रिज हा ठेवलेली वस्तू थंड राखण्यासाठी बनलेला असतो. आत सतत ३०० वॅटची शेगडी पेटलेली असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि शेवटी जळतो. त्यातून नवीन फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा आहे, त्यामुळे नळ्या कापून प्रयोग करणं तर अजिबातच नको.

खरा शत्रू पाणी

इथे विदर्भाचा हिशोब उलटा पडतो. कूलिंग करणाऱ्याला मेपेक्षा जुलै जास्त नडतो.

हवा ज्या तापमानाला थंड झाल्यावर पाणी सोडते तो दवबिंदू. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण १२ अंश येतो. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर तो थेट २५ अंश. फ्रिजमधून काढलेली बाटली पावसाळ्यात लगेच घामेजते ती यामुळेच. सब-झिरोवाला प्रोसेसर दोन्ही ऋतूंत दवबिंदूच्या खूप खाली असतो, त्यामुळे पाणी जमणारच. पावसाळ्यात ते धो धो जमतं. म्हणून हे लोक मदरबोर्डवर चक्क व्हॅसलीन थापतात, सॉकेटभोवती फोम लावतात. तरीही बोर्ड जातात. काही प्रोसेसर तर ठराविक थंडीच्या खाली चालूच होत नाहीत.

आणि श्वासाचं काय?

३०० वॅटच्या प्रोसेसरला नायट्रोजनवर तासभर चालवायचं तर फक्त त्याची उष्णता खेचायलाच साधारण साडेसहा लिटर उडून जातो. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. आता १० बाय १० ची, १० फूट उंच बंद खोली धरा. तिच्यात सुमारे २८ हजार लिटर हवा असते. १० लिटर नायट्रोजन त्यात उडाला तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. १९.५ च्या खाली गेला की हवा धोक्याची मानतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. माणूस सरळ कोसळतो. झाकण घट्ट लावलेल्या थर्मासमध्ये भरला तर तो फुटतो.

दवाखान्यातल्या कॅनमधून थोडा मिळेल का, हा विचारही डोक्यातून काढा. त्यातली पातळी उतरली तर आतल्या रेतमात्रा निकामी होतात आणि नुकसान कुणाच्या तरी गोठ्यात होतं.

महाराष्ट्रात अशा टोकाच्या थंडीत काम करणारा प्रोसेसर आहे, पण तो आहे प्रयोगशाळेत. पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची लॅब, मुंबईची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून केलेल्या सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली. ते सर्किट निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या अगदी जवळच काम करतं. उलट पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक सब-झिरोच्या वाटेला जात नाही. तिथे चिपवरून द्रव फिरवून उष्णता काढतात.

मग कारंजातल्या पीसीचं काय? साधा फॅन किंवा लिक्विड कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांची असेल आणि प्रोसेसरची मर्यादा ९५, तर हातात ७० अंश असतात. खोली ४५ ला गेली की उरतात ५०. त्यामुळे मे महिन्यापुरती बायोसमधून प्रोसेसरची पॉवर लिमिट कमी करा, शक्य असेल तर व्होल्टेजही थोडं उतरवा. फ्रेम रेट किंचित घटतो, तापमान चांगलंच उतरतं. धूळ काढा, थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांची झाली असेल तर बदला. आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट उघड्या कॅबिनेटवर सोडू नका, त्याच्या हवेत ओल असते आणि कधी बारीक थेंबही. कूलरने खोली थंड करा, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि पीसी त्या झोताच्या बाजूला सरकवा.