न घडलेल्या व्यभिचाराची गोष्ट : मोल्येर ते ‘संशयकल्लोळ’

१/२०
न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक पेटीबरोबर ती कोठून निघाली आणि कोणाकडे जायची आहे, याची कागदपत्रे येतात. परदेशातून आलेल्या नाटकांची अशी नोंद क्वचितच राहते. ती इथल्या मातीत इतकी मुरतात, की त्यांचे मूळ गावच विसरले जाते. आजचा धागा अशाच एका नाटकाविषयी आहे. ते पॅरिसमध्ये जन्मले, लंडनमार्गे आले आणि मराठी रंगभूमीवर घरचेच होऊन गेले. ते नाटक म्हणजे ‘संगीत संशयकल्लोळ’.

२/२०
विषय सनातन आहे : पती, पत्नी आणि त्यांच्यामध्ये आलेले तिसरे माणूस. फ्रेंच रंगभूमीने हा विषय शतकानुशतके हाताळला. मात्र या नाटकाची गंमत अशी, की त्यात व्यभिचार घडतच नाही. सारे एकनिष्ठ आहेत आणि तरीही दोन घरे मोडण्याच्या बेतात येतात. मराठीत आल्यावर या न घडलेल्या अपराधाचा भार कोणाच्या शिरावर पडला, हे पाहण्यासारखे आहे.

३/२०
आरंभ १६६० चा. पॅरिसच्या पेती-बूर्बाँ नाट्यगृहात २८ मे रोजी मोल्येरच्या ‘स्गानारेल’ या एकांकी पद्यनाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ ‘स्वतःच्या कल्पनेतच फसवला गेलेला नवरा’ असा होतो. स्गानारेलची भूमिका स्वतः मोल्येर करीत असे. त्याच्या हयातीत त्याच्या मंडळीने ज्या नाटकांचे सर्वाधिक प्रयोग केले, त्यांत याची गणना होते.

४/२०
कथानक एका तसबिरीभोवती फिरते. सेली नावाच्या मुलीचे लेलीवर प्रेम आहे. बाप तिला दुसऱ्या श्रीमंत तरुणाशी लग्न करायला सांगतो. ती मूर्च्छित होते आणि हातातली लेलीची तसबीर गळून पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो. नेमके तेव्हाच त्याची बायको खिडकीतून पाहते : नवऱ्याच्या बाहूंत परकी तरुणी!

५/२०
बायको धावत खाली येते. तिला रस्त्यात तसबीर सापडते आणि ती कौतुकाने न्याहाळू लागते. आता नवरा पाहतो : बायकोच्या हातात परक्या तरुणाचे चित्र! तो ते हिसकावून घेतो. पुढे लेलीला आपलीच तसबीर स्गानारेलच्या हाती दिसते. ‘ही माझ्या बायकोकडची’ असे उत्तर मिळते. लेली समजतो, सेलीने याच माणसाशी लग्न केले. चार माणसे, चार संशय, आणि प्रत्येकाजवळ डोळ्यांनी पाहिलेला ‘पुरावा’.

६/२०
हा गुंता पंडित सोडवत नाही, न्यायाधीशही सोडवत नाही. सेलीची दासी प्रत्येकाला एकेक करून विचारते : तुम्ही नेमके काय पाहिले? तसबीर तुमच्याकडे कशी आली? उत्तरे जुळवताच सारा डोलारा कोसळतो. मोल्येरने शहाणपण घरातल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीच्या पदरात घातले, हे लक्षात ठेवावे.

७/२०
शंभर वर्षांनी ही कथा इंग्लंडला पोचली. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने तिच्या आधारे ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक रचले. ते १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या रंगमंचावर आले. पॅरिसचा सामान्य गृहस्थ येथे सर जॉन रेस्टलेस झाला. ‘रेस्टलेस’ म्हणजे अस्वस्थ. संशय हा त्या उमराव दांपत्याचा स्वभावच होऊन बसला. नवरा जितका संशयी, तितकीच बायकोही.

८/२०
मराठीत ही कथा गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी आणली. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावात शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले, आणि पुढे ते किर्लोस्करांच्याच नाटकमंडळीत नट व तालीममास्तर झाले. मर्फीच्या नाटकावरून त्यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. ‘संशयकल्लोळ’चा हा पहिला अवतार.

९/२०
हे नाटक एकटे वाचले तर निव्वळ विनोद वाटतो. देवलांच्या आधीच्या दोन नाटकांशेजारी ठेवले की त्याचा अर्थ पालटतो. ‘दुर्गा’ (१८८६) हे ‘इझाबेला’ या इंग्रजी शोकनाट्यावर आधारलेले. मूळ कथेत पती मरण पावला असे समजून स्त्री दुसरे लग्न करते आणि पहिला पती जिवंत परत येतो. ‘झुंझारराव’ (१८९०) हा शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’. त्यात संशयाने आंधळा झालेला पती निरपराध पत्नीचा जीव घेतो.

१०/२०
म्हणजे सात वर्षांत एकाच लेखकाने दांपत्यामध्ये आलेल्या तिसऱ्या माणसाची कथा तीनदा सांगितली : दोनदा शोकात्म, एकदा हास्यात्म. ‘झुंझारराव’च्या मुळाशी एक रुमाल आहे आणि ‘फाल्गुनराव’च्या मुळाशी एक तसबीर. वस्तू भलत्याच्या हाती पडते आणि पाहणारा उरलेली गोष्ट मनाने रचतो. पुढे खून व्हायचा की हशा, एवढाच फरक. फाल्गुनरावाला हसणाऱ्या प्रेक्षकाने तीन वर्षांपूर्वीचा झुंझारराव पाहिलेला असू शकत होता.

११/२०
आता देवलांनी काय बदलले ते पाहू. पहिला बदल नावांचा. मोल्येरच्या नाटकात स्गानारेलच्या बायकोला नावच नाही. पात्रयादीत ती केवळ ‘स्गानारेलची बायको’ आहे. मर्फीकडे ती लेडी रेस्टलेस होते, म्हणजे पुन्हा नवऱ्याचेच नाव. देवलांनी तिला कृत्तिका हे स्वतःचे नाव दिले. तीन भाषांच्या प्रवासात या स्त्रीला नाव मिळाले ते मराठीत.

१२/२०
सगळी नावेच गमतीची आहेत. पुरुषांना मराठी महिन्यांची : फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, आणि भाद्रपदावरून गडी भादव्या. स्त्रियांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आपल्याकडे महिने नक्षत्रांवरूनच ओळखले जातात. कृत्तिकेवरून कार्तिक येतो, फाल्गुन नव्हे. हे जोडपे पंचांगातच विजोड आहे. उलट सत्तावीस नक्षत्रांच्या चक्रात रेवती शेवटची आणि अश्विनी पहिली, म्हणजे एकमेकींच्या शेजारी. परकी कथा देवलांनी पंचांगात अशी बसवली, की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येऊ नये.

१३/२०
दुसरा बदल सर्वांत मोठा. मोल्येरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या कुलीन घरच्या मुली आहेत. देवलांची नायिका रेवती ही नायकिणीची, मघाबाईची मुलगी आहे. अश्विनशेटाचे तिच्यावर प्रेम आहे आणि त्याला तिच्याशी लग्न करायचे आहे. हा बदल का करावा लागला?

१४/२०
उत्तर त्या काळच्या समाजात आहे. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यानेही महाराष्ट्रात वादळ उठले. बालपणी झालेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ गाजत होता. ज्या समाजात पांढरपेशा घरांतल्या मुलींची लग्ने खेळण्याच्या वयात होत, तेथे प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी, मनाने वर निवडणारी अविवाहित तरुणी कोठून आणायची? ती मिळण्याजोगे घर एकच होते.

१५/२०
संस्कृत परंपरेचा आधारही होता. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांनी आधीच मराठीत आणले होते आणि त्यातली गणिका वसंतसेना चारुदत्ताची पत्नी होते. रेवती ही जणू तिची धाकटी बहीण. पण या निवडीने मूळ कथेचा तोल बदलला. सेलीवरचा संशय म्हणजे प्रेमिकांमधली गैरसमजूत. रेवतीवरचा संशय तिच्या जन्माकडे बोट दाखवतो : नायकिणीची मुलगी, ती एकाची कशी राहील? तसबीर हरवली हे निमित्त. तो प्रश्न समाजाने आधीच विचारून ठेवलेला होता.

१६/२०
कृत्तिकेचीही बाजू पाहावी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ नुसार व्यभिचार हा परपुरुषाने पतीविरुद्ध केलेला अपराध होता. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला त्या कलमाखाली दाद मागता येत नसे. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. मुंबई इलाख्यात तिला बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट २०१८ मध्ये.

१७/२०
म्हणून कृत्तिकेचा थयथयाट नुसता हास्यास्पद मानणे अन्यायाचे होईल. फाल्गुनरावाचा संशय खरा ठरला असता तर कायदा त्याच्या पाठीशी होता. तिचा खरा ठरला असता तर तिला निमूटपणे सवत पत्करावी लागली असती. रंगमंचावर मात्र दोघांचे संशय एकाच तराजूत तोलले जातात : तोही चुकतो, तीही चुकते, तोही खजील होतो, तीही. कायद्याने नाकारलेली ही बरोबरी एका प्रहसनाने रोज रात्री देऊ केली.

१८/२०
पुढे देवलांनी या गद्य नाटकाला पदांची जोड दिली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगमंचावर आणले. त्याच वर्षी जून महिन्यात देवल निवर्तले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका रंगभूमीच्या इतिहासात कायमच्या नोंदल्या गेल्या. गाण्यांनी रेवतीला आणखी एक गोष्ट दिली : स्वतःची बाजू मांडण्याचा अवकाश. जिच्या शब्दावर जग विश्वास ठेवत नाही, तिच्या सुरावर प्रेक्षागृहाने विश्वास ठेवला.

१९/२०
मोल्येर मराठीत एवढाच आला असे नाही. हरि नारायण आपटे यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ हीसुद्धा त्याच्याच घरची लेकरे. परंतु ‘संशयकल्लोळ’ इतके दीर्घायुषी क्वचितच कोणी ठरले. अलीकडे प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांचा अश्विनशेट नव्या पिढीने डोक्यावर घेतला. तसबिरीची जागा आज भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. एक छायाचित्र, एक अर्धवट वाचलेला संदेश, आणि उरलेली कथा मनाने रचलेली. फाल्गुनराव जुना का होत नाही, ते यावरून कळावे.

२०/२०
या नाटकात कोणी खोटे बोलत नाही, हे त्याचे मर्म. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच पाहिले. चुकला तो त्यातून काढलेला निष्कर्ष. इतिहास वाचणाऱ्यांनाही हा धडा उपयोगाचा आहे : पुरावा हाती आला म्हणजे सत्य हाती आले असे नसते, तो त्या हातापर्यंत कसा पोचला हेही विचारावे लागते. आणि संशयाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. फाल्गुनरावाचे फक्त हसे होते. कृत्तिकेचा संसार आणि रेवतीचे सारे आयुष्यच पणाला लागलेले असते. पुढच्या वेळी हा प्रयोग पाहाल तेव्हा भरपूर हसा. पण मधूनच रेवतीकडेही पाहा.